स्टिअरिंग रुसतं तेव्हा…

सोमवारची सकाळ. साडेआठ वाजलेत. भुकूममधल्या तुमच्या सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडीत बसलाय. लॅपटॉपची बॅग शेजारच्या सीटवर, कॉफीचा मग होल्डरमध्ये, नऊ चाळीसला मीटिंग. भूगावच्या ट्रॅफिकचा हिशेब मनात चालू आहे. किल्ली घातली, फिरवली… फिरतच नाही! स्टिअरिंग हलवून पाहिलं, तर तेही ढिम्म. जणू कुणी सिमेंट ओतून ठेवलंय.

मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. आधी किल्लीवर जोर, मग जरा जास्त जोर, मग बाबांना फोन. बाबा म्हणतात, ‘बॅटरी गेली असेल.’ मित्र म्हणतो, ‘सर्व्हिस सेंटरला टो करून ने.’ शेवटी गेटवरचे वॉचमनकाका शांतपणे येतात, ‘मॅडम, स्टिअरिंग जरा हलवत हलवत किल्ली फिरवा,’ म्हणतात आणि गाडी सुरू! ना बॅटरी गेली होती, ना काही बिघडलं होतं. गाडीनं तिचं काम केलं होतं, इतकंच.

हा प्रकार प्रत्येक नव्या गाडीवाल्याच्या वाट्याला एकदा तरी येतो. तेव्हा आज जरा त्या लॉकच्या पोटात शिरू या. ते चोरासाठी बनवलंय, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पार्किंगमध्ये आपली राखण करणारं हेच लॉक चालत्या गाडीत पडलं तर जिवावर बेतू शकतं, हे मात्र फारच कमी जणांच्या डोक्यात असतं. आणि भुकूमहून पुढे निघालं की पहिलंच वळणाचं ठिकाण म्हणजे पिरंगुटचा घाट!

आत असतं काय?

पुणेकराला हे समजावणं तसं सोपं आहे. कारण आपण सगळे आधी टू-व्हीलरवाले आणि मग कारवाले! आकुर्डीची चेतक चालवलेल्या बाबांपासून आजच्या ऑटोमॅटिक स्कूटरवर क्लासला जाणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या हाताला ‘हँडल लॉक’ची सवय असते. हँडल वळवायचं, किल्ली फिरवायची, ‘खट्’ आवाज आला की निघायचं. कारचं लॉक याच घराण्यातलं. फरक एवढाच, की कारला ते मुद्दाम लावावं लागत नाही, ते आपोआप लागतं.

तुमच्या स्टिअरिंगपासून खाली चाकांकडे एक दांडा जातो, त्याला स्टिअरिंग कॉलम म्हणतात. या दांड्यावर एक कडं असतं आणि त्याला खाचा असतात. किल्लीच्या लॉकमध्ये स्प्रिंग लावलेली एक लोखंडी खिट्टी असते. किल्ली ‘ऑन’वर असताना ही खिट्टी आत ओढलेली राहते. तुम्ही किल्ली ‘लॉक’वर आणून बाहेर काढली की स्प्रिंग तिला पुढे ढकलते. समोर खाच आली तर ती लगेच आत बसते. नाही आली तर ती कड्याच्या उंचवट्यावर टेकून वाट बघत राहते. मग उतरताना तुमचा हात स्टिअरिंगला लागतो, किंवा मागे बसलेलं चिरंजीव पुढे येऊन ‘भुर्रर्र’ करत स्टिअरिंग फिरवतं, खाच समोर येते आणि खट्! लॉक.

म्हणजे इंजिन बंद झालं म्हणून स्टिअरिंग लॉक होत नाही. ते किल्ली ‘लॉक’वर नेऊन काढली म्हणून होतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे घाटात तो आपल्याला लागणार आहे.

मग किल्ली का अडते?

कारण खिट्टी चिमटीत सापडलेली असते. गाडी लावताना चाकं तिरकी राहिली, टायर फुटपाथच्या कडेला टेकला, किंवा गाडी उतारावर थोडी सरकून थांबली, की रबराला पीळ बसतो. पिळलेलं रबर सरळ व्हायला बघतं आणि ते बळ दांड्यातून वर येऊन खिट्टीला खाचेच्या एका बाजूवर दाबून धरतं. आता किल्लीनं ती खिट्टी मागे ओढायची म्हणजे दारावर पाठ टेकून कुणी उभं असताना कडी काढण्यासारखं आहे. कडी चांगली असते, दारावरचा दाब काढायला हवा.

म्हणून स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे करून बघायचं. एका बाजूला ते एकदम घट्ट लागेल, दुसऱ्या बाजूला किंचित, अगदी केसभर, हलेल. जिकडे हलतं तिकडे हलकं धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवायची. बस्स! दोन सेकंदांचं काम. पण किल्लीवर पक्कड लावल्यासारखा जोर केला, तर किल्ली वाकते नाहीतर लॉकमध्येच तुटते. मग खर्च नव्या किल्लीवर थांबत नाही, अख्खं लॉक बदलायची वेळ येते.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत हीच खिट्टी बऱ्याचदा छोटी मोटर हलवते. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा आणि कुलपाचा दिवा लागला, गाडी सुरू होईना, की उपाय तोच. स्टिअरिंग हलवत बटण दाबायचं. अशा गाडीची बॅटरी पूर्ण झोपली असेल तर खिट्टीची मोटरही झोपते. आधी जम्प-स्टार्ट, मग स्टिअरिंग. तोवर ढकलायच्या भानगडीत पडू नका.

ही आयडिया कुणाची?

कार चोरणं एके काळी फारच सोपं होतं. डॅशबोर्डखालच्या दोन वायरी जोडल्या की इंजिन सुरू! सिनेमात बघतो तसंच. मग लोकांनी विचार केला, इंजिन सुरू करशील बाबा, पण गाडी वळवणार कशी? जर्मनीनं १९६१ पासून नव्या कारना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९६९च्या मॉडेल्सपासून किल्ली डॅशबोर्डवरून काढून थेट स्टिअरिंग कॉलमवर आणली, लॉकसकट. तिथला सरकारी नियम १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. किल्ली काढली की इंजिन सुरू होता कामा नये आणि शिवाय गाडी वळता कामा नये किंवा स्वतःच्या जोरावर पुढे जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये तर किल्लीच्या या लॉकला लोक बोलताना ‘नेमान’ म्हणतात. ते बनवणाऱ्या ब्रँडचं नाव. आपण नाही का फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणत, तसंच.

चोरही काही स्वस्थ बसले नाहीत. जोर लावून खिट्टी तोडणं जमतं, हे त्यांना कळलं. म्हणून पुढे किल्लीत चिप आली आणि गाडीत इमोबिलायझर. चिप ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. पण चिप नसेल तर काय होतं, याचा धडा २०२२ मध्ये अमेरिकेनं घेतला. तिथल्या ह्युंदाई आणि कियाच्या इमोबिलायझर नसलेल्या लाखो गाड्यांचं किल्लीचं लॉक उचकटून, यूएसबी केबलचं टोक घालून ती चालू करायची, असे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले आणि चोऱ्यांची लाटच आली. कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदललं, शिवाय आणखी एक गोष्ट केली. स्टिअरिंगला बाहेरून अडकवायचा जाडजूड लोखंडी दांडा गाडीमालकांना फुकट वाटला! आपल्याकडचे काका लोक गिअर-लॉक लावतात तेव्हा आपण हसतो ना? काकांचं बरोबर आहे. कुलूप जितकं लांबून दिसतं तितका चोर पुढच्या गाडीकडे वळतो.

पौड रोडला ये-जा करणाऱ्यांसाठी एक लोकल कनेक्शनही आहे. कोथरूडला वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ आहे ना, आपण मॉर्निंग वॉकला जातो ती ‘एआरएआय टेकडी’ जिच्या नावानं ओळखली जाते, ती १९६६ मध्ये सुरू झालेली संस्था. देशातल्या गाड्या आणि त्यांचे पार्ट तपासून पास करणाऱ्या संस्थांपैकी ही एक महत्त्वाची. जुन्या मोटर टॅरिफमध्ये एआरएआयनं मान्य केलेलं अँटी-थेफ्ट डिव्हाइस बसवलं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट मिळायची. पॉलिसी रिन्यू करताना एजंटला एकदा विचारून बघा, काय मिळतं ते.

मात्र हे सगळं लॉक-बिक ज्या एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे किल्ली बाहेर काढणं. पिरंगुटला वडापाव घ्यायला ‘दोनच मिनिटं’ उतरताना किल्ली आतच ठेवली, तर स्टिअरिंग मोकळं, इंजिन तयार आणि चोराला आमंत्रण! शिवाय चोरीच्या क्लेमला इन्शुरन्सवाले दोन्ही किल्ल्या मागतात. एक किल्ली गाडीबरोबरच गेली असेल, तर ‘हा तुमचाच निष्काळजीपणा’ असा वाद घालायला त्यांना मुद्दा मिळतो. दोन मिनिटं फार महाग पडतात.

आता घाटातली गोष्ट

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता जरा सिरियस.

पावसाळा आला की चांदणी चौक ओलांडून अख्खं पुणं मुळशीकडे निघतं. २०२३ मध्ये चौकातले नवे पूल सुरू झाल्यापासून तर बाहेर पडणं आणखी सोपं झालंय. बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, पौड, मुळशीचं धरण आणि पुढे थेट ताम्हिणी. त्या गर्दीत एक महाभाग हमखास असतो, जो उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून देतो. ‘पेट्रोल वाचतं यार! आमचे मामा पूर्ण घाट असेच उतरायचे.’

मामांच्या कार्बोरेटरच्या गाडीचं मामा जाणोत. आजच्या फ्युएल-इंजेक्शनच्या गाडीचा हिशेब साधा आहे. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो. चाकंच इंजिनला फिरवत राहतात. म्हणजे गिअरमध्ये राहून उतरलात तर त्या काळात पेट्रोल जवळपास शून्य! न्यूट्रलमध्ये टाकलीत तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. छोटं इंजिन न्यूट्रलला तासाला पाऊण लिटर पितं असं धरलं, तर पाच मिनिटांच्या उताराला साधारण साठ मिली. लिटरला शंभर रुपये धरले तर सहा रुपये. इंजिन बंद करून ‘वाचवले’ ते हेच सहा रुपये, आणि तेही गिअरमध्ये राहिलं असतं तरी वाचलेच असते. यात कटिंग चहाही येत नाही.

आणि या सहा रुपयांत पणाला काय लागतं? एकेक बघा.

पहिलं, पॉवर स्टिअरिंग. जुन्या हायड्रॉलिक सिस्टिममध्ये तेलाचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर मदत करते. इंजिन आणि इग्निशन बंद केलं की ही मदत जाते. स्टिअरिंग फिरतं, पण एकदम जड. बोटांनी गाडी वळवायची सवय झालेल्या हाताला ते ‘जाम झालं’ असंच वाटतं.

दुसरं, ब्रेक. पेडलवर हलका पाय ठेवला तरी गाडी थांबते, कारण बूस्टर मदत करतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्याला लागणारा व्हॅक्युम इंजिनकडून येतो. इंजिन बंद झालं की साठवलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो. त्यानंतर पेडल दगड! घाटात वळणं दोन-तीनच असतात का?

तिसरं, एअरबॅग. इग्निशन बंद असेल तर ती उघडेल या भरवशावर राहता येत नाही.

आणि चौथं, आजचा आपला हिरो. किल्ली बंद करता करता एक घर जास्त मागे गेली, बाहेर निघाली, तर खिट्टी सुटते. पुढच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं की खाच समोर येते आणि खट्! गाडी ज्या दिशेला बघतेय त्याच दिशेला जाणार. हे होऊ नये म्हणून अनेक गाड्यांत किल्ली ‘लॉक’वर नेण्याआधी आत दाबावी लागते आणि ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर ‘पी’वर आल्याशिवाय किल्ली निघत नाही. पण जुन्या, झिजलेल्या लॉकवर जीव टांगून ठेवायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

चालत्या गाडीत किल्ली नुसती एक घर मागे सरकली तरी काय होऊ शकतं, याचा फार वाईट पुरावा जगाकडे आहे. २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या आणि बाहेरच्या मिळून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. इग्निशनचं स्विच इतकं सैल होतं, की खड्ड्याच्या धक्क्यानं किंवा किल्ल्यांच्या जड जुडग्यानं किल्ली ‘रन’वरून ‘अॅक्सेसरी’वर घसरायची. स्टिअरिंग लॉक झालं नव्हतं, हे लक्षात घ्या. नुसतं इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग आणि ब्रेक जड व्हायचे आणि धडकेत एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्याच भरपाई फंडानं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी ९० कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं, की किल्लीला दुसरं काहीही अडकवू नका. तेव्हा तुमच्या किल्लीच्या रिंगमध्ये घराच्या चार किल्ल्या, बॉटल ओपनर आणि गोव्याहून आणलेला पितळी मासा असेल, तर माशाला आता घरी ठेवा.

गाडी चालता चालता बंद पडली तर?

हे मुद्दाम ठरवून केलेलं नसतं, म्हणून याची उजळणी हवी. मनात पक्कं धरा, की स्टिअरिंग लॉक झालेलं नाही, जड झालंय. किल्ली ‘ऑन’ला आहे तोवर खिट्टी आत आहे. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून स्टिअरिंग वळवा, गाडी वळते. ब्रेक पंप करू नका. पंप केलात की उरलेला व्हॅक्युम उडून जातो. एकदाच, घट्ट, दाबून धरा. हॅझर्ड लावा, डाव्या कडेला घ्या. किल्ली काढायची नाही! गाडी पूर्ण थांबली, हँडब्रेक लागला, मगच किल्लीला हात. बटणाच्या बऱ्याच गाड्यांत चालताना इमर्जन्सीत इंजिन बंद करायला बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं किंवा पटापट तीनदा दाबावं लागतं. तुमच्या गाडीत काय आहे, ते ग्लव्हबॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडलेल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय. आज रात्री ते पान काढा. दहा मिनिटं रील्स कमी बघितल्या तर जग बुडत नाही.

बंद पडलेली गाडी ढकलायची किंवा दोरीनं ओढायची असेल तरी हाच नियम. मॅन्युअल गिअरची किल्लीवाली गाडी असेल तर न्यूट्रल, किल्ली आत आणि ‘ऑन’ला, आत लायसन्सवाला माणूस. नाहीतर पुढची गाडी वळते आणि मागची सरळ ओढ्यात जाते. ऑटोमॅटिक असेल तर दोरी विसरा, फ्लॅटबेड बोलवा.

उतारावर गाडी लावताना

भुकूमच्या आजूबाजूला टेकड्या. रिसॉर्ट असो की सोसायटी, उतारावर गाडी लावणं चुकत नाही. मोटर वाहन कायदा १९८८च्या कलम १२६ मध्येही हेच सांगितलंय, की ड्रायव्हर सीटवर नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावायचा किंवा गाडी आपोआप चालू पडणार नाही अशी दुसरी व्यवस्था करायची. इथे स्टिअरिंग लॉक आपला दोस्त होतं. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर चाकं रस्त्याच्या डाव्या कडेकडे वळवा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरला टाका, इंजिन बंद करा आणि किल्ली काढा. लॉक चाकांना त्याच दिशेला धरून ठेवतं. उद्या हँडब्रेकनं दगा दिला तर गाडी रस्त्याच्या मध्ये न येता कडेच्या दगडाला जाऊन टेकेल. फक्त त्या कडेला दरी नाही ना, तेवढं बघा! आणि परत निघताना किल्ली अडणार, कारण टायरला पीळ बसलेला असणार. तेव्हा घाबरायचं नाही. का अडते ते आता माहीत आहे.

घाट उतरायचा नियम जुना आहे आणि अजून त्याला तोड नाही. ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. इंजिन चालू, वेग कमी, ब्रेकला अधूनमधून विश्रांती. पुढच्या शनिवारी ताम्हिणीला जाताना ड्रायव्हिंग सीटवरचा मित्र उतारावर किल्लीकडे हात नेताना दिसला, तर त्याला सहा रुपये काढून द्या. आणि हात धरा.